आजोबांच्या हातची फीत

प्रिय चंदनदादा,

गांधीबागेच्या चौकात तू लावलेला आजोबांच्या रविवारच्या सत्काराचा फ्लेक्स पाहिला. ‘उत्कृष्ट छायाचित्रणाच्या पारितोषिकाचे मानकरी धोंडबाजी’ आणि खाली आजोबांपेक्षा मोठा तुझा फोटो. ते बक्षीस आजोबांचं नाही, हे मी तुला फोनवर तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तू म्हणालास, “तुले काय करा लागते वं, लोक खूश आहेत ना?” आणि फोन ठेवलास. म्हणून लिहिते आहे.

मी तीन दिवस आजोबांजवळ बसून एकेक गोष्ट विचारून घेतली. त्या काळी कृष्णधवल आणि रंगीत सिनेमांच्या छायाचित्रणाला वेगवेगळी बक्षिसं असायची. त्यातलं कृष्णधवलचं मिळालं ते त्यांच्या कॅमेरामन साहेबांना. उमरेडचा हातमाग सोडून मुंबईला गेलेले आपले आजोबा त्यांचे मदतनीस. कॅमेऱ्याच्या भिंगापासून नटीच्या नाकापर्यंतचं अंतर ते टेपने मोजायचे, चेहरा धूसर येऊ नये म्हणून. आपण लहानपणापासून ऐकलं ते “त्या सिनेमाची फीत माह्याच हातात राहे.” फीत म्हणजे ती मोजायची टेप, दादा. घरादारानं तिची चित्रफीत केली. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, “मी तं फीतच म्हणून राहिलो ना वं. सिनेमा तुम्ही समजले.” आणि हसले. मला हसू आलं नाही.

त्यांना सत्कार नकोय असंही नाही. कोट इस्त्रीला दिलाय. रविवारी कोण कोण येणार, हे दिवसातून दोनदा विचारतात. याचाच मला जास्त वैताग येतो. माप चार बोटं चुकलं असतं तरी साहेबांचं चित्र बिघडलं असतं. एवढं छापायला काय कमी होतं?

काल सत्कार समितीच्या शामलाताईंनी मला सत्कारासाठी तू केलेला अर्ज दाखवला. पुरावा म्हणून तू माझा चौथीतला निबंध जोडला आहेस, वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानावर छापून आलेला. ‘माझ्या आजोबांना कॅमेऱ्याचे बक्षीस मिळाले.’ आजोबांना न विचारता ते वाक्य मीच लिहिलं होतं. ते खोटं आहे, असं मी त्याच अर्जावर लिहून सही करून आले. सत्कार राहतो की जातो, ते समिती तुलाच फोन करून सांगेल. माझ्यावर खुशाल चीड. पण सत्कार गेला, तर आजोबांना ते मी सांगणार आहे. त्या वेळी तू घरी ये. तेवढं मला एकटीला जमणार नाही.

तुझीच,
प्रणाली