गादीखालची फळी

मंगळवार, १४ तारीख

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे खुशाल असाल. देवाच्या कृपेने इकडेही ठीक. आरामखुर्चीला मी परवा नवं कापड शिवलं. तुझे भावजी हल्ली तीतच झोपतात. आडवं झालं की धाप लागते, म्हणून.

काल मोठ्या डॉक्टरांकडे एकटीच गेले होते. 'मित्रच आहे माझा, नाव सांग,' असं तूच म्हणाला होतास. मागायला जायचं तर निदान नीटनेटकं जावं म्हणून ठेवणीतले कपडे घातले. बाहेर बाकावर बसून काय बोलायचं ते घोकलं. आजवर कुणापुढे हात पसरला नव्हता रे. आत गेले आणि घोकलेलं सगळं विसरले. एकदम म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्यांच्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनचा खर्च आम्हाला झेपत नाही. काही मदत होईल का?"

ते हसले. कुत्सित नव्हे, घरच्यासारखे. "तुमचे बंधू म्हणालेच होते, ताई घासाघीस करणार! साबणाचे तुकडे जोडून वापरते म्हणे, गादीखाली बक्कळ असेल. अहो, नवऱ्यासाठी तरी हात सैल सोडा!"

मीही हसले. काय करणार? उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद पिशवीतच राहिले.

बाहेर नर्सबाईंनी सांगितलं, गरजूंसाठी दवाखान्याचा निधी आहे. नावं डॉक्टरच सुचवतात, शुक्रवारी.

साबणाचे तुकडे जोडते, खरं आहे. ही सवय कुणाच्या शिक्षणापायी लागली, ते राहू दे. पण गादी? गेल्या खेपेला उन्हात टाकायला तूच उचलली होतीस ना ती? खाली काय होतं? फळी. तीही एका बाजूने चिरलेली. 'ताई, पाठ मोडेल तुझी,' म्हणालास.

म्हणजे तुला ठाऊक होतं. रात्रभर विचार केला, तेव्हा कळलं. मित्रापुढे बहिणीला चिक्कू म्हणणं तुला सोपं गेलं. गरीब म्हणणं जड गेलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "मेहुण्याने शब्द टाकला का?" मी हो म्हटलं. खोटं बोलले, देव बघत होता. "मग झालंच काम," म्हणाले आणि खुर्चीत शांत डोळे मिटले.

तुझ्याकडे पैसे मागत नाही. शुक्रवारच्या आत त्यांना फोन कर आणि बोललास ते तुझ्याच तोंडाने मागे घे. लाज वाटली तर दार लावून बोल. 'जरा ओढाताण आहे' असं गुळमुळीत नको, ते पुन्हा हसतील. सरळ शब्द वापर. जिभेला सवय व्हावी म्हणून खाली मीच लिहून देते.

तुझी
गरीब बहीण