भिंत नसलेलं फाटक

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. दांडगोबा धडधाकट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. फोनवर तुझा पहिला प्रश्न तुझ्या कुत्र्याचाच असतो, आणि मी बाबांचा विषय काढला की तुझ्या साइटवरची रेंज नेमकी जाते. म्हणून शिलाई मशीन बंद ठेवून लिहायला बसले. तुमच्याकडे सिमेंट आणणाऱ्या ट्रकवाल्या काकांच्या हाती हे देतेय, परवा मिळेल तुला.

तू ठेवून गेलास तेव्हा दांडगोबा माझ्या मशीनखाली मावायचा. आता मागच्या पायांवर उभा राहिला की पंजे माझ्या खांद्यावर येतात. गेल्या महिन्यात मी शाळेचे गणवेश इस्त्री करून ओळीने टांगले होते, त्यातला एक स्कर्ट तोंडात धरून हा गल्लीभर मिरवून आला. समोरच्या नर्सबाईंची डाव्या पायाची चप्पल तर तो नेमाने आणतो. त्यांनी आता रागावणं सोडलंय. सकाळी एका पायात चप्पल घालून आपल्याकडे येतात, दुसरी इथे घालतात आणि ड्यूटीला जातात. हसू येतं, पण माझं हसू टिकत नाही. कारण स्कर्ट काय नि चप्पल काय, या उचापतींसाठी तो अंगणाबाहेर जातो आणि अंगणाला लागूनच रस्ता आहे. तू गेल्यावर तो रुंद झाला. खडीचे ट्रक दिवसभर धडधडत जातात. ब्रेकचा आवाज आला की मी हातातलं कापड टाकून दाराशी पळते.

फाटक अजून उभं आहे. दोन्ही बाजूंना भिंत नाही, मध्ये नुसतं फाटक. बाबा रोज संध्याकाळी त्याला कडी घालतात आणि येणारे-जाणारे हसतात. दांडगोबाही कमी नाही. बाबा बघत असले की फाटकापाशी शहाण्यासारखा बसून ते उघडायची वाट बघतो. त्यांची पाठ वळली की बाजूने पसार. एकदा रस्त्याच्या मधोमध ठाण मांडून बसला, तर बसच्या ड्रायव्हरला खाली उतरून त्याची समजूत घालावी लागली.

भिंत का नाही, ते तुला मी काय सांगणार. तू एकट्याने बांधलेली ती पहिली भिंत. बाबांनी ओळंबा लावला, दोरीपासून भिंत बोटभर सुटलेली दिसली, आणि सगळी गल्ली बघत असताना त्यांनी पहार घालून ती पाडली. तू बॅग भरत होतास तेव्हा मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलले नाही, आत मशीन चालवत बसले. चुकलंच माझं. दोन वर्षं झाली. विटांचा ढीग तिथेच आहे, त्यावर गवत वाढलंय. जन्मभर दुसऱ्यांची कुंपणं बांधलेला गवंडी, आणि स्वतःचं अंगण सताड उघडं. मी दुसऱ्या गवंड्याला बोलावलंही होतं. बाबांनी त्याला चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली आणि काम न देताच परत पाठवला.

मग आता कुंपण कोण, तर बाबा. सकाळी सातला फाटकाशेजारी खुर्ची टाकतात, हातात काठी घेतात आणि उन्हं उतरेपर्यंत हलत नाहीत. जेवणाचं ताटही तिथेच द्यावं लागतं. तोंडाचा पट्टा चालूच असतो: नुसता घोडा वाढलाय, अक्कल गुडघ्यात, खायला काळ नि भुईला भार. आणि भाकरीचा शेवटचा तुकडा मात्र त्यालाच. मी एकदा त्याला खांबाला बांधलं, तर तासाभरात बाबांनी सोडवलं. म्हणाले, दुसऱ्याची ठेव आहे, अशी जखडून ठेवायची नसते. तो दुसरा म्हणजे तू. तुझं नाव मात्र त्यांनी दोन वर्षांत एकदाही घेतलेलं नाही.

आणि फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणत आले, ते खोटं होतं. दहा दिवसांपूर्वी दांडगोबा एका कोंबडीमागे रस्त्यावर धावला, आणि त्याच्यामागे बाबा. ट्रक करकचून थांबला. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही, पण बाबा छाती धरून रस्त्यातच बसले. घामाने डबडबले होते. तो दांडगोबा मात्र कोंबडी सोडून परत आला आणि त्यांना टेकून बसला, मला जवळ येऊ देईना. नर्सबाई धावल्या म्हणून वेळेत दवाखाना गाठला. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद आहेत. वीस तारखेला ऑपरेशन ठरवलंय, आणि डॉक्टर म्हणाले, ही तारीख चुकवू नका. तोवर धावायचं नाही, चिडायचं नाही, उन्हात बसायचं नाही. आणि बाबा आज सकाळी सातला खुर्चीत जाऊन बसले आहेत. मी कुत्र्याकडे बघते म्हटलं, तर विचारतात, तू दवाखान्यात माझ्याजवळ असशील की इथे काठी घेऊन? दर पाच मिनिटांनी खिडकीतून बघते. त्यांची मान जरा कलली की धावत जाते, तर डुलकी लागलेली असते. माझा जीव थाऱ्यावर नाही रे. काल एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या.

आता आज का लिहिते आहे ते सांगते. काल डॉक्टरांनी विचारलं, ॲडमिट कधी होताय? बाबा म्हणाले, मुलगा कुंपणाची भिंत बांधायला येतोय, ती उभी राहिली की लगेच होतो. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तू येतोयस असं त्यांना कुणीही सांगितलेलं नाही, मी तर नाहीच. घरी आल्यावर मात्र राहवलं नाही. विचारलं, समजा तो आला, आणि भिंत पुन्हा वाकडी झाली तर? बराच वेळ ते दांडगोबाच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, होईना का वाकडी, पाडायला आता कोण उठतंय.

धाकट्या, आज नऊ तारीख आहे. ये.

तुझीच,
ताई