एका अक्षराची कोंबडी

सोमवार, ५ जून

पत्रकारितेच्या वर्गातल्या सगळ्यांचे ऑनलाइन पोर्टफोलिओ पाहिले. डोकं उठलं! लिम्बानीच्या पानावर सुटातले त्याचे फोटो नऊ, बातम्या दोन. वर मोठ्या अक्षरांत — ‘सत्याचा सिंह’.

म्हटलं, “सिंहाची शिकार कुठं दिसत नाही, लिम्बानी.”

“लोड होतेय, सर. नेट स्लो आहे.”

वर्ग खिदळला. मीही.

मग मात्र बोललो. भरपूर बोललो. ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ हा बुरखा आहे, फाडा तो! लिहिलंत ना? मग नाव लावा, तोंड दाखवा, शिव्या आल्या तर त्याही आपल्याच पत्त्यावर येऊ द्या. ऑनलाइन पान म्हणजे लग्नाचा अल्बम नव्हे — ती तुमची साक्ष आहे! मागच्या बाकावरचे दोघं जागे झाले, म्हणजे बरं झालं असावं.

ब्लँटायरच्या ऑनलाइन वृत्तपत्राच्या संपादक मिसेस न्ग्विरा शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांच्या लिंक उघडणार. नोकरीवर घेणार एकालाच. माझी पैज तियामिकेवर.

मंगळवार, ६ जून

काय लिहिलंय पोरीनं! तिच्या गावच्या मुखिया नाम्बेवे आजी — सगळ्यांच्या गोगो — रोज दुपारी हापशाला साखळी घालतात. विहिरीला श्वास घेऊ द्या, म्हणतात. आजूबाजूचे हापसे आटले, यांचा चालू आहे. तिनं एक दुपार त्या साखळीपाशी बसून काढली आणि जे दिसलं तेवढंच लिहिलं. एक विशेषण जास्तीचं नाही. वर इंग्रजीत, खाली मायबोलीत, चिचेवात.

पण इंग्रजीत गोगोंची गर्दी झालीय! ‘शी’ऐवजी सगळीकडे ‘दे’ — ‘दे’ आल्या, ‘दे’ बसल्या, ‘दे’ खोकल्या.

“म्हाताऱ्या किती होत्या?”

“एकच, सर.”

“मग?”

“गोगोंना एकवचनात कसं घालू, सर?”

“इंग्रजी व्याकरणाला पांढरे केस दिसत नाहीत! माणूस एक, तर एकवचन. एकही सोडू नकोस.”

“खालीसुद्धा? पानभर?”

लिम्बानी तेवढ्यात दहावा फोटो चढवत होता. मी त्याच्याकडे धावलो. जाता जाता म्हटलं, “पानभर!”

बुधवार, ७ जून

थंडी. बारीक पाऊस. वीज नाही. तियामिकेचं पान मात्र लागलं! वरचा अर्धा भाग वाचला. झकास.

गुरुवार, ८ जून

खालचा अर्धा वाचायला हवा होता.

तियामिकेच्या मामानं हापशावर फोन काढून पान सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. भाचीचं कौतुक! इंग्रजी संपलं, चिचेवा सुरू झाली, आणि तिसऱ्याच ओळीत — ‘वाफिका’.

गोगो म्हटलं की ‘आफिका’. आल्या. ‘वाफिका’ म्हणजे आली! शेळी आली, शेजारची पोर आली, तशी गोगो आली! पुढे गोगो बसली, गोगो खोकली. बायकांनी बादल्या खाली ठेवल्या.

निकाल : एक कोंबडी दंड. रविवारी ती घेऊन गोगोंपुढे हजर व्हायचं. तोवर पान उतरवायचं. हुकूम गोगोंचा, सांगणारा मामा; आणि घरात मामाचा शब्द शेवटचा. त्यावर कोण बोलणार?

मी विचारलं, “तुला कळत नव्हतं का गं? मायबोली तुझी!”

“कळत होतं, सर. म्हणून तर विचारलं. तुम्ही पानभर म्हणालात. तुम्हीही वडीलधारेच, तुमचं कसं मोडू?”

यावर माझ्याकडे भाषण नव्हतं.

शुक्रवार, ९ जून

होतं भाषण. सकाळी सुचलं.

म्हटलं, चूक आत्ता दुरुस्त कर, पण पान उतरवू नकोस! एकदा मुखियाच्या शब्दावर उतरवलंस, की उद्या मंत्र्याच्या, परवा साखर कारखान्याच्या शब्दावर उतरवशील. छापलेला शब्द मागे फिरत नाही! आणि आज संध्याकाळी मिसेस न्ग्विरा ते उघडणार आहेत. आजच!

तिनं सगळं ऐकून घेतलं. हात पुढ्यात जोडलेले, नजर खाली.

“मंत्री आला तर भांडेन, सर. त्याचं काही खरं लिहिलं म्हणून तो चिडेल. इथं माझं चुकलंय. नुसतं दुरुस्त केलं, तर चुपचाप पुसल्यासारखं होईल. आणि त्या आमच्या गोगो आहेत.”

तीनच्या सुमारास उतरवलं. जागी हे —

‘हे पान मी उतरवलं आहे. ज्या वडीलधाऱ्या बाईंविषयी लिहिलं, त्यांचा उल्लेख मी हलकेपणानं केला. त्यांना विचारून पुन्हा लावेन. — तियामिके कालुवा.’

खाली पूर्ण नाव! नाव लावा, असं मीच गरजलो होतो. पण नोकरी मागायला जायचं आणि दारातच आपली चूक दाखवायची? वर्षातलं सगळ्यात चांगलं काम, नेमकं आज झाकलेलं! इतका चिडलो की चहाबरोबरची तळलेली गोड मंदासीसुद्धा अर्धी टाकली.

शनिवार, १० जून

कोंबडी आणली. स्वयंपाकघरात व्याख्यान देतेय. आवाज माझ्याहून खडा.

रविवार, ११ जून

मिनीबसमध्ये कोंबडी माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, “मास्तर, हिचं तिकीट?” तियामिके खिडकीकडे तोंड करून हसत होती.

गोगो चटईवर बसल्या होत्या. टाळ्या वाजवून, गुडघे टेकून नमस्कार झाले. कोंबडी कुणाकडून, असं त्यांनी विचारलं. तियामिकेनं सरळ माझ्याकडे पाहिलं. शिकली पोर, साक्ष द्यायला शिकली!

“बाळा,” गोगो मला म्हणाल्या. (पन्नाशीचा आहे मी.) “तुझ्या आईविषयी कसं बोलतोस?”

“चुकलो, गोगो. इंग्रजीत एक माणूस म्हणजे एकच.”

“तुझ्या इंग्रजीत असेल. आम्ही एकट्या असतो, तर त्या साखळीला कुणी विचारलं असतं? पोरींनी उचकटून तलावात फेकली असती.”

इतकी पुस्तकं वाचली, त्यांतल्या कुठल्याही पानावर व्याकरण असं भेटलं नव्हतं.

मग तियामिकेनं तिथंच फोनवर अक्षरं बदलली, पूर्ण लेख मोठ्यानं वाचला. ‘आफिका’ आलं तशा गोगोंनी मान हलवली. म्हणाल्या, “खोकल्याचं राहू दे. खोकलो होतो आम्ही.”

पान परत लागलं. दोन दिवस उशिरा. परतीच्या वाटेवर मी गप्प. ती म्हणाली, “सर, बोला ना काहीतरी. भीती वाटते तुम्ही गप्प असलात की.”

सोमवार, १२ जून

फोन नाही. लिम्बानी इस्त्रीचा सूट घालून हिंडतोय.

मंगळवार, १३ जून

नाही.

बुधवार, १४ जून

सकाळी मिसेस न्ग्विरांचा फोन. “त्या कालुवाची बातमी मी वाचलीच नाही. शुक्रवारी पान उतरवलेलं होतं, तिथल्या चार ओळी तेवढ्या वाचल्या. लिहिणारे माझ्याकडे खंडीभर आहेत, तुमचा सिंहही बघितला! पण चुकलं, असं वाचकाला तोंडावर सांगणारं कुणी नव्हतं. सोमवारी पाठवून द्या.”

दुपारी तियामिके आल्या होत्या. थोडा वेळ बसल्या. चहा घेतला, गेल्या.