शुभदाचा डबा, माझी चावी

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

बाजूच्या सोसायटीतली गाडी गेली. चावी घरातच होती. चोरांनी दाराबाहेरून यंत्राने तिचा सिग्नल पकडला म्हणे. निखिलचा कॅनडाहून लगेच फोन. "बाबा, चावी स्टीलच्या डब्यात ठेव. आणि खाली जाऊन चेक कर."

लाडवांचा डबा काढला. झाकणावर शुभदाचं नाव कोरलेलं. ती गेल्यापासून तो फळीवरच होता. चावी आत घालून डबा घेऊन गाडीपाशी गेलो. चावी जवळ असली की गाडी नुसत्या स्पर्शाने उघडते. हँडलला हात लावला, तर उघडली. झाकण सैल झालंय. वर येऊन चावी फॉइलमध्ये गुंडाळली, डब्यात टाकली, परत खाली. आता नाही उघडली. इतकं बरं वाटलं, आणि सांगायला कोणी नाही.

वर येताना लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या सावंत वहिनी. झाकणावरचं नाव त्यांनी वाचलं. मग म्हणाल्या, "यंदाही आठवण ठेवलीत भाऊजी." दोन्ही हात पुढे. दिवाळी आठवड्यावर आलीय. शुभदा दरवर्षी त्यांना लाडू द्यायची, याच डब्यातून.

मी दिला. का दिला? आत चावी आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. त्या उतरल्या, दार लागलं.

एव्हाना त्यांनी झाकण उघडलं असेल. फोन करून सांगता येईल. करत नाहीये.

शुभदाचा डबा त्यांनी कधी रिकामा परत केला नाही. उद्या फिरायला जाणार नाही. बेल वाजली तर घरी असायला हवं.