प्लग लावून ब्रिस्केट

फेएट काउंटी, टेक्सास
सोमवार

ती. अल्बिनाताईस,

एमिलचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मेळ्याला तू नव्हतीस, सगळ्यांनी आठवण काढली. इकडे लिओना मजेत आहे. मी मजेत नाही.

वडिलांची मांस धुरावर शिजवायची भट्टी गेली, ताई. गंजून बूडच गळून पडलं, तेही कुटुंबमेळ्याला बारा दिवस उरले असताना! मेळ्याचं मांस आधी वडिलांनी केलं, त्यांच्यानंतर एकतीस वर्षं मी. तो मान यंदा जातो की काय, या काळजीने मला घास उतरेना. तेवढ्यात आमचे जावईबापू ट्रेंट (डॅलसचा, पक्का शहरी! आमच्या डार्लाला अख्ख्या टेक्सासमध्ये दुसरा मिळाला नाही!) म्हणतात, "बाबा, माझा स्मोकर आणू का? विजेवर चालतो. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या आपोआप आत पडतात, आच किती ते फोनवर दिसतं." फोनवर! ज्या भट्टीला प्लग असतो तिला आमच्याकडे टोस्टर म्हणतात, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

मग गेलो दुकानात. तिथल्या बाईंनी तासभर माझं डोकं खाल्लं. एक भट्टी चिनीमातीच्या रांजणासारखी. आच छान धरते म्हणे, पण तिच्यात दोन ब्रिस्केट, छातीच्या मांसाचे ते थोराड तुकडे, मावायची मारामार, नव्वद माणसांना काय नुसता वास देऊ? एक उभी, पिंपासारखी, मध्ये पाण्याचं भांडं. एक गॅसवरची (तिच्याकडे मी पाहिलंही नाही). शेवटी म्हटलं, "बाई, जाळ बाजूच्या पेटीत, मांस आडव्या पिंपात, धूर एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर, अशी साधी आहे का?" होती. पत्रा जाड हवा हे मला कळत नाही का? कळतं. पण ती लाल होती, ताई, आणि मोठी होती. घरी आणून बोटाने वाजवली, तर बिस्किटांचा डबा वाजावा तशी वाजली.

मेळ्याच्या दिवशी पहाटे ओकची लाकडं पेटवली, सहा ब्रिस्केट चढवली. धूर धुराडं सोडून सगळीकडून निघाला, झाकणातून, सांध्यांतून, बिजागऱ्यांतून. वारा सुटला की आत गार, वारा पडला की आत वणवा. लिओना दर अर्ध्या तासाने खिडकीतून, "अहो, पेटलंय की विझलंय?" (तिला माहेरी जायला सांगितलं. माहेर रस्त्यापलीकडेच असल्यामुळे धाक बसत नाही.) असो. संध्याकाळी लोक बोटं चाटत होते. फ्रान्झकाकांनी दोनदा मागून घेतलं आणि पुढच्या वर्षीही मांस एमिलच करणार, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. टोस्टरवाल्यांनी काय ते समजावं.

बाकी ठीक.

तुझा धाकटा,
एमिल

ता. क. एर्विनभावजींनी तेलविहिरीच्या जाड नळकांड्याची भट्टी केली होती, ती ते गेल्यापासून तुझ्या गोठ्यामागे पडून आहे. मला देशील का? येऊन घेऊन जातो.

ता. क. दुसरा. लोकांनी खाल्लं ते माझं नव्हतं. माझं बाहेरून कोळसा आणि आतून चामडं झालं होतं. ट्रेंटने मला न विचारता स्वतःच्या घरी त्या टोस्टरमध्ये आणि शेजाऱ्याच्या टोस्टरमध्ये मांस लावून ठेवलं होतं. मागच्या दाराने आणलं, माझ्या फळीवर ठेवलं आणि सुरी माझ्या हातात दिली. काकांनी "कुणी केलं रे?" विचारलं, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "बाबांनी. त्यांच्या हाताची चवच वेगळी." आणि मी मान डोलावली, ताई! डॅलसच्या माणसाला इतकं चांगलं वागायची काही गरज होती का? दोन दिवस झाले, मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही, याचाच मला भयंकर राग आलाय.

ता. क. तिसरा. आता तो म्हणतो, "बाबा, मला लाकडावरचं शिकवा." सहाव्या तासाला मांस अडून बसतं, कितीही जाळ घाला, आतून तापायचं नावच घेत नाही. तेव्हा भावजी नक्की काय करायचे, ते आठवून लिही. वडिलांच्या भट्टीपुढे मी तेव्हा नुसता खुर्ची टाकून बसायचो, बाकीचं भट्टीच बघायची. लगेच कळव. ट्रेंट रविवारी वही घेऊन येतोय.