चवळी भिजत घाल

नुआदिबू,
१७ फेब्रुवारी

प्रिय सिराताईस,
न्यानकोरोचा सलाम.

मी बरा आहे. बाजरी चांगली आली असेल आणि तुझा गुडघा आता कमी दुखत असेल, अशी आशा करतो. इथे वारा फार सुटलाय. वाळत घातलेल्या मासळीवर वाळू बसते, ती झटकण्यातच दुपार जाते. खोलीत आम्ही आठजण एकाच परातीत जेवतो.

पुढचं वाचण्याआधी शेजारच्या केईताकाकूंना बोलाव. नेहमीसारख्या त्या तुला थट्टेने 'चवळीखाऊ कुलिबाली' म्हणतील. म्हणू देत. मग त्यांना जवळ बसवून वाच.

फोनवर तीनदा मी सांगितलं, आपला धाकटा भाऊ झान मासेमारीच्या बोटीवर गेलाय. ते खोटं होतं.

त्याला ताप आला, तो अकरा दिवस उतरला नाही. खोलीतले सगळे पाळीपाळीने त्याच्याजवळ बसले. आमच्यातला फादियाला नावाचा मुलगाही केईता कुळातलाच, म्हणजे आम्हा कुलिबालींशी पहिल्या दिवसापासून पिढीजात थट्टेचं नातं. त्यानेच झानला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. वाटेत झान पुटपुटला, "केईता, शेवटी कुलिबालींचं गाढव झालासच."

बाराव्या दिवशी सकाळी झान गेला, ताई.

त्याला परत आणीन, असं तुला वचन दिलं होतं. म्हणून फोनवर खरं सांगवलं नाही.

मला काही सुचत नव्हतं. अंघोळ फादियालाने घातली, कबरही त्यानेच खणली. आणि माती देण्याआधी, आपल्या गावात कुलिबालींच्या मयतीला केईता करतात तसाच, वाट अडवून उभा राहिला. "थांबा! हा कुलिबाली माझा गुलाम. मला न विचारता निघाला कुठे? आधी चवळीचं भांडं ठेवा इथे!" माणसं रडता रडता हसली. मी हसलो नाही. पण झानला परक्या मुलखात पुरतोय, असं तेव्हा वाटलं नाही.

काल चाळिसावा झाला. फादियालाने स्वतः चवळी शिजवली, करपवली आणि पहिला घास त्यानेच घेतला. माझ्या तोंडून निघून गेलं, "केईता चवळी खातोय! बघा रे, बघा!" मग मलाच हसू आवरेना.

ज्यासाठी आम्ही दोघं इथवर आलो, ते समुद्रापलीकडे जायचं मी सोडलंय. महिनाअखेरीस घरी येतो. फादियालाही येतोय. म्हणतो, "तुझ्या ताईसमोर एकटा उभा राहायची तुझी छाती नाही, चवळीखाऊ." खरं आहे ते.

हवं तेवढं रागव, पण दार उघड. आणि चवळी भिजत घाल, एका केईताला पुरेल इतकी जास्त.

तुझा, एकटाच परत येत असलेला, तरी एकटा नसलेला भाऊ
न्यानकोरो