नव्या लोडरचं लॉक

अहो,

आज कळंबोलीला जाऊन ट्रॅक्टरच्या तोंडाला बसवायचा नवा लोडर ठरवून आले. ही बातमी तुम्हाला दुसरं कोण सांगणार? भाऊजी सांगतील, फोटोसमोर हात जोडून, पण ते त्यांच्या सोयीचं तेवढंच सांगतील. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. जिवंतपणी तुम्ही माझं एक वाक्य कधी पुरं ऐकून घेतलं नाहीत. आता घ्याल. उठून जाणार कुठे?

क्विक-अटॅचवालाच घेतला आहे. हो, तोच. प्लेट पुढे न्यायची, बकेटच्या पाठीत अडकवायची, जरा उचलायची आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या खाली दाबायच्या, की पिना भोकात जाऊन बकेट लॉक. मातीची बकेट काढून कुंड्या उचलायचा फोर्क लावायचा तरी तेच. तुम्हीही असाच आणला होता आणि त्याच्याखालीच गेलात. तरीही मी तोच घेतला. रागावायचं असेल तर रागावा.

पहिला लोडर आणलात तो दिवस आठवतो का तुम्हाला? मला विचारणं तर दूरच, सांगितलंही नव्हतंत. मी नर्सरीत जास्वंदीची रोपं पिशव्यांत भरत होते. उलव्याच्या रस्त्यावरून हॉर्न वाजवत आलात, वरात निघाल्यासारखे. तुमच्या त्या फॅब्रिकेशनवाल्या दोस्ताने प्लेट बनवून दिली होती. त्याने वाईट बनवली होती असं मी म्हणणार नाही. त्याच्या लोखंडात खोट नव्हती.

"सुनंदा, बग, आता सकाली बकेट, दुपारी फोर्क. हातोरा नको, मानूस नको," म्हणालात.

मी म्हटलं, मलाही शिकवा.

"तू कुंड्या बघ. यातला तुला नाय समजाचा."

बरं. मी कुंड्या बघितल्या. पण कुंड्या बघता बघता डोळे मिटून घेतले नव्हते. सकाळी लाल मातीचा ढीग बकेटने टेम्पोत जायचा, दुपारी सोसायट्यांच्या बागांसाठी भरलेल्या कुंड्या फोर्कवरून निघायच्या, संध्याकाळी शेणखत आलं की पुन्हा बकेट. आपली नर्सरी त्या अदलाबदलीवर चालत होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला वाटायचं ती तुमच्या ओळखींवर चालते.

आता दसऱ्याचं बोलते. त्यावर कुणीच बोलत नाही, म्हणून मीच बोलते.

खंडेनवमीला तुम्ही बकेट, फोर्क, ट्रॅक्टर सगळं धुऊन नर्सरीवरून जाणाऱ्या हाय-टेन्शन वायरींच्या खालच्या मोकळ्या पट्ट्यात मांडलं होतं. आईंनी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. झेंडूचा हार कुठे अडकवावा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो लॉकच्या दांडीला घातला. हार घसरू नये म्हणून पूजेचा लाल धागा दांडीच्या खाली पिनेच्या मानेला गुंडाळला. एक वेढा, दुसरा वेढा, मग गाठ. मग पुन्हा गाठ. कौतुकाने बांधत होत्या. तुम्ही पण कौतुकाने बघत होतात.

हार सुकून पडला. धागा राहिला. त्यात चिखल बसला, माती बसली, तो फुगून घट्ट झाला. दांडी खाली दाबली की खाली गेल्यासारखी दिसायची, पण पीन पलीकडून जेवढी बाहेर यायला हवी तेवढी येत नव्हती. मी तुम्हाला म्हटलं होतं. चहा देताना म्हटलं, जेवायला वाढताना म्हटलं. तो धागा काढा म्हणून.

"आयनं बांदलाय. मी कापू? पूजेचा धागा कोन कापतं का? आपोआप गलून परंल."

माझ्या माहेरी सारसोळ्याला होडीची पूजा करतात ती नाळीला, पुढच्या टोकाला. नारळ तिथे, हार तिथे, गुलाल तिथे. नांगराच्या दोराला कुणी फूलसुद्धा लावत नाही. बाबा म्हणायचे, देव नाळीवर बसतो, दोर आपला आपण बघायचा. हेही तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हसलात. म्हणालात, तुम्हा कोळ्यांचा देव वेगला, आमचा वेगला. अहो, देव वेगळा असेल, लोखंड तर तेच ना?

नारळाच्या भुश्याचं कोरडं कोकोपीट त्या लॉकने सहन केलं. रिकाम्या कुंड्या सहन केल्या. मग ओली माती आली. बकेट भरून टेम्पोच्या फाळक्यापर्यंत उचललीत आणि एक बाजू खचली. तेव्हा काय करायचं असतं? बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं. तुम्ही काय केलंत? इंजिन चालू, बकेट वर, आणि हातोडा घेऊन खाली उतरलात. दांडी ठोकायला. बकेटच्या खाली उभे राहून.

बाकीचं मी लिहीत नाही. मी पाहिलं आहे, तुम्हाला ते सांगून काय उपयोग.

लोकांनी बकेट बाजूला केली तेव्हा मी पिनेकडे पाहिलं. लाल धागा जागचा हललेला नव्हता. पिनेची मान आणि प्लेट यांच्यामध्ये चेपून बसला होता. आपोआप गळून पडणार होता ना तो? तुम्ही पडलात, तो नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. भाऊजींनी तेरावं होताच बकेट, प्लेट, फोर्क सगळं भंगारात दिलं, मला न विचारता. तुमचाच भाऊ तो. ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकली आणि गावभर सांगत सुटले की दादा त्या झटपट लॉकने गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझ्या ओठांवर शब्द येऊन परत जायचा. कारण ज्या हातांनी तो धागा बांधला ते हात रोज माझ्या शेजारी बसून भाजी निवडत होते. त्या हातांना मी काय सांगणार होते? की आई, तुमच्या कौतुकाच्या गाठीने तुमचा मुलगा गेला?

तुम्ही मरून सुटलात आणि हे गाठोडं माझ्या डोक्यावर ठेवून गेलात, याचा मला राग आहे. दुःखही आहे, नाही असं नाही. पण राग जास्त आहे. आईचं मन मोडायचं नाही म्हणून धागा ठेवलात. आता तिचं मन सांभाळायला कोण आहे? मीच ना? मला कुणी विचारलं होतं का?

भाऊजींचा डाव तुम्हाला ठाऊक असेल. नर्सरी उठवून त्या जागेवर गाड्यांचं पार्किंग करायचं. विमानतळामुळे सगळ्यांनाच जागा हवी आहे. जागा आईंच्या नावावर, म्हणजे आई जे म्हणतील ते. भाऊजी रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या कानाशी लागायचे. "आये, वयनीला सांग. घ्याचाच असंल तर साधा पिनावाला लोडर घ्या, नायतर ट्रॅक्टर इका. त्या झटपटनं आपला मानूस खाल्ला." भाऊजी मूर्ख नाहीत. पिनावाल्यावर दर वेळी पिना ठोकून काढायच्या-घालायच्या, म्हणजे दिवसातून तीनदा अदलाबदल होणार नाही, सोसायट्यांची कामं सुटतील, आणि नर्सरी आपोआप उठेल, हे ते पुरतं जाणून होते.

मधल्या काळात घमेली डोक्यावर घेऊन माती भरली आम्ही बायकांनी. एका सोसायटीचं काम गेलं. मग दुसरीचं. तेव्हा मी ताडपत्री काढली. सारसोळ्याहून माझा भाऊ रविवारी येऊन शिकवायचा. लोक कुंपणाशी उभे राहून बघायचे. क्लच सोडताना ट्रॅक्टर उडाला की हसायचे. हसू देत. यातलं मला समजलं. तुम्ही म्हणाला होतात तितकं अवघड नाही ते.

मग लोडर बघायला निघाले. एकेक ठिकाणी नीट बघितलं. एका ठिकाणी मोठी, जाड प्लेट दाखवली, भारदस्त. पण आपला ट्रॅक्टर केवढा? प्लेटचंच वजन एवढं की उचलण्याची अर्धी ताकद तिच्यातच जायची, आणि बकेट चाकांपासून पुढे गेली की ट्रॅक्टरचा मागचा भाग हलका होऊन उचलला जाणार. नाकापेक्षा मोती जड. तुम्ही असतात तर तीच घेतली असतीत, दिसायला रुबाबदार म्हणून. दुसऱ्या ठिकाणची प्लेट त्यांच्याच बकेटला बसणारी. उद्या दुसऱ्या कुणाचा फोर्क घ्यायचा झाला तर घरी बसा.

आज कळंबोलीला आई पण आल्या होत्या. भाऊजींनीच आणलं त्यांना गाडीतून. त्यांनी नाही म्हणावं म्हणून.

शोरूममधला कदम म्हणून एक जण आहे, गोड बोलणारा. त्याने आधी हायड्रॉलिक लॉकचं दाखवलं. "मॅडम, टेन्शनच नको. सीटवर बसून बटन दाबा, लॉक. उतरायचीच गरज नाही." मी म्हटलं, लॉक बसलं की नाही ते कळणार कसं? तर म्हणाला, "बसतंच मॅडम." बसतंच. तुमचा आवाज ऐकल्यासारखं झालं मला. मी म्हटलं, दुसरं दाखवा.

मग हा दाखवला. हलकी प्लेट, छोट्या ट्रॅक्टरच्या मापाची, आणि इतर कंपन्यांच्या बकेटाही बसतील अशी. दांड्या हातानेच दाबायच्या. पीन पुरी गेली की खालच्या भोकातून तिचं लाल रंगवलेलं टोक बाहेर येतं. लाल दिसलं तर लॉक, नाही दिसलं तर नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी म्हटलं, हा.

भाऊजी लगेच पुढे झाले. "आये, ह्यो त्योच हाय. झटपटवाला. दादा ज्यानं गेला त्योच. बोल आता काय ती."

धाग्याचा शब्द जिभेवर होता. तो काढला असता तर भाऊजींचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं आणि जागा राहिली असती. मी आईंकडे पाहिलं आणि गिळला. जाऊ दे नर्सरी, म्हटलं मनात. खरंच म्हटलं. तुमच्यासाठी नाही. त्यांच्यासाठी.

आई इतका वेळ पदर डोक्यावर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. त्या उठल्या. कदमला म्हणाल्या, "याचा कुलूप कुठं हाय, दाखव."

त्याने दाखवलं. त्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या, जमिनीवर, शोरूमच्या त्या चकचकीत फरशीवर. दांडीवरून हात फिरवला. दांडीच्या खाली बोट नेलं, पिनेच्या मानेपाशी, नेमकं तिथेच. तिथे बोट थांबलं. कदमला म्हणाल्या, दाब. त्याने दांडी दाबली. खालून लाल टोक बाहेर आलं. त्यांनी ते चाचपून पाहिलं.

"येवरी भायेर आली पायजे व्हती ना?" कदमला नाही, मला विचारलं.

मी होकाराची मान हलवली. दुसरं काय करणार?

भाऊजींना काही कळलं नाही. आई फरशीवरून उठेनात, मी हात दिला. उभ्या राहिल्यावर हात सोडला नाही. भाऊजींकडे न बघता म्हणाल्या, "ह्योच घ्याचा. आनि याला कोनी काय बांदाचा नाय. मी पन नाय."

त्यांना माहीत होतं, अहो. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्यावरून लोकांनी बकेट बाजूला केली तेव्हा त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या, आणि जे मी पाहिलं ते त्यांनीही पाहिलं होतं. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि त्या माझ्यापासून. एकाच ताटात भाजी निवडत होतो आम्ही इतके महिने. येताना त्या भाऊजींच्या गाडीत बसल्या नाहीत. माझ्याबरोबर रिक्षाने आल्या. घरी आल्यावर विचारलं, भाजी काय करू.

तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही. केलेलं नाही. साधा धागा होता, कात्रीने क्षणात निघाला असता. आईला वाईट वाटेल म्हणून ठेवलात. आता बघा वर बसून, किती वाईट वाटतंय त्यांना.

पण एक वचन देते. पुढच्या दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा होईल, बॉनेटवर, पुढच्या टोकाला. हार तिथे, नारळ तिथे. आईंना धागा बांधायचाच असेल तर माझ्या मनगटाला बांधून घेईन. तो नाही कापणार, गळेपर्यंत ठेवीन. आणि बकेट बदलली की दर खेपेला ती खाली टेकवून, इंजिन बंद करून उतरेन आणि दोन्ही बाजूंची लाल टोकं डोळ्यांनी बघेन. कितीही घाई असली, गिऱ्हाईक कितीही ओरडत असलं तरी. आई हल्ली नर्सरीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी जायला मी असेन. रोज.

तुम्ही जिला ट्रॅक्टरवर बसू दिलं नाहीत ती,
सुनंदा